सी प्रोग्रॅममधे स्क्रिप्टिंग घालायचंय: लुआ ठेवू की पायथन? (आणि लुआ पॅनिक होऊन सगळंच बंद पडतंय)

वागळे_बिल्ड

नमस्कार मंडळी. ठाण्यात वागळे इस्टेटला एका छोट्या कंपनीत आहे. आम्ही डेटा लॉगर बनवतो, आर्मचा लिनक्स बोर्ड, 128 एमबी रॅम, आरएस-485 च्या वायरवरून मॉडबसने (मीटरशी बोलायची ठरलेली पद्धत) मीटर आणि सेन्सर वाचायचे, अलार्म द्यायचा, रीडिंग सर्व्हरला ढकलायची. सगळा कोड सी मधे, जुना आहे पण चालतो. गिऱ्हाइकं बहुतेक रबाळे, महापे, तुर्भे, तळोजा पट्ट्यातली.

तर झालंय असं की प्रत्येकाला अलार्मचा नियम वेगळा पाहिजे. एकाला पीएच साडेसहाच्या खाली सलग दहा मिनिटं राहिला तरच अलार्म हवा, दुसऱ्याला तेच पण ब्लोअर चालू असेल तरच, तिसऱ्याला रात्रपाळीत लिमिट वेगळी. आत्तापर्यंत प्रत्येकासाठी इफ-एल्स घुसवून वेगळी बायनरी करत आलो, आता ब्रँच इतक्या झाल्यात की कुठल्या साइटवर काय चाललंय हे सांगू शकेल असा एकच माणूस उरलाय आणि तो नोटीस पिरियडवर आहे.

साहेब म्हणाले आत काहीतरी स्क्रिप्ट टाका, सर्व्हिसची पोरं साइटवर बसून नियम बदलतील. म्हणून लुआ 5.4 (सी च्या प्रोग्रॅमात घालायची छोटी स्क्रिप्ट भाषा) घेतलं. सोर्सचं फोल्डर आमच्या मेकफाइलमधे टाकलं, लुआ.सी आणि लुआक.सी वगळल्या कारण त्या दोन्हींत स्वतःचं मेन आहे, बाकी सगळं क्रॉस कंपाइलरने एका फटक्यात बिल्ड झालं, एकही लायब्ररी वेगळी लागली नाही. आमचं एक फंक्शन रजिस्टर करून स्क्रिप्टमधून मॉडबसचं रजिस्टर वाचलं. इथपर्यंत मजा.

आता रड. स्क्रिप्ट रन करताना मी लुआ_पीकॉलच (आत आलेली एरर झेलणारं फंक्शन) वापरतोय, तरीपण स्क्रिप्टमधल्या कॉन्फिग टेबलात चॅनलचं नाव चुकलं की अख्खा प्रोग्रॅम "पॅनिक, अनप्रोटेक्टेड एरर" असं काहीतरी छापून अबॉर्ट होतो. रात्रभर चालवून ठेवला की मेमरी थोडी थोडी वाढते. आणि कोणी न संपणारा व्हाइल लूप लिहिला तर पोलिंग (मीटर परत परत वाचणं) थांबतं, वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला की जागा होणारा टायमर) बोर्ड रिबूट करतो, बोर्ड उठतो आणि परत तीच स्क्रिप्ट लोड करतो, म्हणजे साइटवर माणूस जाईपर्यंत हा खेळ चालूच. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमधून तळोजाला जायचं म्हणजे काय ते इथल्या लोकांना सांगायला नको.

टीममधले एक जण म्हणतायत की हे सोड, पायथन घाल, सगळ्यांना येतं. काय करू? ज्यांनी खरंच प्रॉडक्टमधे इंटरप्रिटर घातलाय त्यांनी सांगा.

(मोबाइलवर मराठी कीबोर्ड आहे त्यामुळे फंक्शनची नावं पण देवनागरीत, समजून घ्या.)

---

जुना_फर्मवेअरवाला

पायथनचं नंतर बोलू, आधी पॅनिक बघू कारण ते भाषा बदलून जाणार नाही, त्याचे भाऊबंद तिकडेही भेटतील.

पीकॉलने फक्त पीकॉलच्या आत जे घडतं तेवढंच वाचतं. तू स्क्रिप्ट पीकॉलने रन केलीस, बरोबर, पण नंतर लिमिट वाचायला सी मधून गेटग्लोबल आणि मग गेटफील्ड करत असशील, ते कशाच्या आत आहे? कशाच्याच नाही. चॅनलचं नाव चुकलं की पहिल्या गेटफील्डने निल (म्हणजे काहीच नाही) मिळतं, त्या निलवर दुसरं गेटफील्ड केलं की लुआ एरर फेकतं, झेलायला कोणी नाही, मग पॅनिक फंक्शन आणि त्यानंतर अबॉर्ट. लुआच्या मॅन्युअलमधे प्रत्येक एपीआय फंक्शनच्या शेजारी चौकटी कंसात तीन खुणा दिल्यात, त्यातली तिसरी बघायची. तिथे छोटी आडवी रेघ असेल तर ते फंक्शन कधीच एरर फेकत नाही, "एम" असेल तर मेमरी कमी पडल्यावर फेकेल, "ई" असेल तर कुठलीही एरर येऊ शकते. ही खूण बहुतेक लोक बघतच नाहीत.

उपाय सोपा आहे. टेबल वाचणं, टाइप तपासणं, रिझल्ट काढणं, सगळं एका सी फंक्शनमधे टाक, ते फंक्शन स्टॅकवर (सी आणि लुआ एकमेकांना व्हॅल्यू देतात ती थप्पी) पुश कर आणि त्याला पीकॉलने बोलव. म्हणजे तुझ्या मेन लूपला लुआशी बोलायचं एकच दार राहतं आणि त्या दारावर पीकॉल उभा. पीकॉलला मेसेज हँडलर देता येतो, तिथे लुआएल_ट्रेसबॅक बोलावणारं फंक्शन लाव, मग लॉगमधे नुसतं "निल व्हॅल्यू" न येता कुठल्या ओळीवर, कोणी कोणाला बोलावलं ते सगळं येईल. साइटवरच्या पोराशी फोनवर बोलताना हा ट्रेसबॅक सोन्यासारखा असतो.

मेमरी वाढते त्याचं माझं पहिलं संशयित म्हणजे स्टॅक. पीकॉल फेल झाला की एररचा मेसेज स्टॅकवर ठेवतो. तो तू छापलास, पण काढलास का? प्रत्येक स्कॅनच्या सुरुवातीला आणि शेवटी लुआ_गेटटॉप छाप, आकडा सारखाच यायला हवा. वाढत असेल तर कुठेतरी पॉप राहिलाय. आणि हे नुसतं मेमरीचं प्रकरण नाही. सी फंक्शनला 20 जागांची खात्री असते, त्यापेक्षा जास्त पुश करायचं तर लुआ_चेकस्टॅक आपण बोलवायचं असतं, लुआ स्वतःहून तपासत नाही, सरळ पुढे लिहून मोकळं होतं. डेव्हलपमेंटच्या बिल्डमधे लुआ_यूज_एपीआयचेक डिफाइन करून ठेव, असले घोळ जागच्या जागी असर्टला अडकतात.

आता जे अजून तुला चावलेलं नाही पण चावणार ते सांगतो. लुआची एरर म्हणजे सी मधे लाँगजंप. तुझं सी फंक्शन मधेच सोडून कंट्रोल थेट पीकॉलकडे जातो. चालत्या लोकलमधून माणूस उतरला आणि बॅग रॅकवरच राहिली अशी गत, कारण त्या फंक्शनमधे तू मॅलॉक केलेलं असेल तर फ्री होत नाही, म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) लॉक केला असेल तर अनलॉक होत नाही. समज रजिस्टर वाचायचं फंक्शन आहे, त्यात आधी बसचा म्युटेक्स घेतला आणि मग लुआएल_चेकइंटिजरने आर्ग्युमेंट काढलं. कोणी नंबरच्या जागी स्ट्रिंग दिली की उडी, म्युटेक्स तसाच लॉक, पुढच्या पोलला सगळं ठप्प. आणि हे टेस्टिंगमधे सापडत नाही कारण टेस्ट करणारा माणूस आर्ग्युमेंट बरोबरच देतो! म्हणून शिस्त एकच, आधी सगळी आर्ग्युमेंटं तपासून घ्यायची, मग लॉक घ्यायचा, आणि लॉक हातात असताना लुआचं एकही फंक्शन बोलवायचं नाही. नंबरसुद्धा अनलॉक झाल्यावरच पुश.

आणखी एक. लुआ_टूस्ट्रिंगने मिळालेला पॉइंटर ती व्हॅल्यू स्टॅकवर आहे तोवरच आपला. पॉप केल्यावर गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी परत घेणारा) कधीही उचलेल. स्ट्रक्चरमधे ठेवायचं असेल तर कॉपी करून ठेव.

---

कॉन्फिगच_पुरे

मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. पीएच इतका, वेळ इतका, ब्लोअर चालू तर, यासाठी अख्खी भाषा कशाला पोटात घ्यायची? एक टेबल करा, चॅनल, मोठं का लहान, लिमिट, किती सेकंद, कुठल्या दुसऱ्या चॅनलची अट, कुठल्या शिफ्टला लागू. नव्वद टक्के गिऱ्हाइकं यात बसतील. सर्व्हिसच्या पोराला प्रोग्रॅमिंग शिकवायला लागत नाही, लूप अडकायचा प्रश्न नाही, लाँगजंप नाही, स्टॅक नाही. ऑडिटला कोणी आलं तर टेबल प्रिंट काढून देता येतं, स्क्रिप्ट काय दाखवणार?

---

जुना_फर्मवेअरवाला

मुद्दा बरोबर आहे आणि खरंच नव्वद टक्के बसत असतील तर टेबलच करावं. पण उरलेले दहा टक्केच पैसे देणारे असतात. मग टेबलात "किंवा" चा कॉलम येतो, मग "दोन चॅनलची बेरीज", मग "मागच्या तासाची सरासरी", आणि दोन वर्षांनी तुमच्याकडे स्वतःची एक भाषा असते जिला धड मॅन्युअल नाही, डीबगर नाही आणि जी फक्त तुम्हाला येते.

लुआ नेमकं याच रस्त्याने आलंय. रिओच्या कॅथलिक युनिव्हर्सिटीतल्या टेकग्राफ ग्रुपने पेट्रोब्रास या तेल कंपनीसाठी आधी डेल आणि सोल अशा दोन छोट्या, नुसत्या डेटाचं वर्णन करायच्या भाषा केल्या होत्या. वापरणाऱ्या इंजिनियरांना मग अटी हव्या झाल्या, लूप हवे झाले, शेवटी 1993 मधे दोन्ही बाजूला ठेवून एक खरी भाषा केली. गिऱ्हाईक पण आपल्यासारखंच, प्लांटवालं.

टेबल पाहिजे असेल तर ते लुआतच लिहा. स्क्रिप्टमधे वर नुसतं टेबल, खाली गरज पडली तर फंक्शन. साध्या गिऱ्हाइकाला खालचा भाग दिसायचं कारणच नाही.

---

अजगरप्रेमी_ऐरोली

पायथनवाली मीच बोलते मग :) आमच्याकडे पीसीवर चालणारं टेस्ट बेंचचं सॉफ्टवेअर आहे, सी मधलं, त्यात मी पायथन घातलंय आणि ते छान चालतं. तरी तुमच्या बोर्डवर घालू नका असंच सांगेन.

पहिली गोष्ट, लुआ म्हणजे साधारण 30,000 ओळी सी आणि बिल्ड करून काही शे केबी. पायथन म्हणजे नुसती लायब्ररी लिंक करून भागत नाही, त्याची स्टँडर्ड लायब्ररी सोबत न्यावी लागते आणि ती कुठे आहे हे त्याला कळावं लागतं. नाहीतर सुरू होतानाच "एनकोडिंग्ज नावाचं मॉड्यूल नाही" असं म्हणून बसतो, पहिल्यांदा एम्बेड करणारा प्रत्येक जण हा मेसेज बघतोच. 3.8 पासून पायकॉन्फिग आलंय, त्यात सगळे पाथ आपण भरून देऊ शकतो, ते वापरावं. लिंक करताना पायथन3-कॉन्फिगला एम्बेडचा फ्लॅग द्यायचा, तोही 3.8 पासूनच लागतो, जुन्या ब्लॉगांमधे नसतो आणि मग लिंकर ओरडतो.

दुसरं रेफरन्स काउंट, म्हणजे एखादा ऑब्जेक्ट किती ठिकाणी धरून ठेवलाय तो आकडा. लुआत सी कडे ऑब्जेक्टचा पॉइंटर येतच नाही, सगळं स्टॅकमधून, ते सुरुवातीला विचित्र वाटतं पण त्यात फायदा आहे. पायथनमधे तुमच्या हातात खरा पॉइंटर येतो आणि मग तो कोणाचा हे लक्षात ठेवायचं. पायलिस्ट_गेटआयटम उसना देतो, डेकरेफ (तो आकडा एकने कमी) करायचा नाही. पायऑब्जेक्ट_गेटअॅट्रस्ट्रिंग स्वतःचा देतो, डेकरेफ करायलाच हवा. पायटपल_सेटआयटम तुमच्याकडचा रेफरन्स काढून घेतो, पायडिक्ट_सेटआयटम घेत नाही. यात काही लॉजिक शोधू नका, मॅन्युअल उघडं ठेवूनच लिहायचं.

तिसरं, पाय_इनिशिअलाइझ तुमच्या प्रोग्रॅमचे सिग्नल हँडलर पण बदलतो, कंट्रोल-सी दाबलं तर ते पायथनकडे जातं. नको असेल तर पाय_इनिशिअलाइझएक्सला शून्य द्यायचा. थ्रेड असतील तर जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप) आहेच. 3.12 पासून प्रत्येक सबइंटरप्रिटरला वेगळा जीआयएल देता येतो म्हणतात ते खरंय, पण सी मधली एक्स्टेन्शन मॉड्यूल त्यासाठी तयार असावी लागतात.

आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पायथनच्या आत सँडबॉक्स (स्क्रिप्टला ठरवून दिलेल्या गोष्टींपलीकडे जाऊ न देणं) होत नाही. एखादी गोष्ट इम्पोर्ट करू द्यायची नाही म्हणून तुम्ही दार लावाल, माणूस खिडकीतून जातो, लोकांनी बरेच प्रयत्न करून सोडून दिलंय. लुआत उलट आहे, जे तुम्ही देत नाही ते नसतंच.

टीमला पायथनच हवं असेल तर ते आत घालू नका, वेगळ्या प्रोसेसमधे चालवा. युनिक्स सॉकेटवर रीडिंग द्या, अलार्म परत घ्या, सेटआरलिमिटने त्या प्रोसेसची मेमरी आणि सीपीयू बांधून टाका, मेली तर परत उठवा. तुमचं सी चालूच राहील. 128 एमबीत बसेल की नाही ते तुमचं बाकी काय चालतं त्यावर.

---

एकेकाळचा_चिपवाला

टीसीएल या भाषेचं नाव कोणीच घेतलं नाही म्हणून फक्त हजेरी लावतो. ऑस्टरहाउटनी बर्कलीत 1988 च्या सुमाराला बनवली ती नेमकी याच कामासाठी, सी च्या प्रोग्रॅमात घालायला. चिप डिझाइनची टूलं आजही तिच्यावरच चालतात आणि एसक्यूलाइट या डेटाबेसची सुरुवातसुद्धा टीसीएलचं एक्स्टेन्शन म्हणूनच झाली. आज नवीन प्रॉडक्टला घ्या असं मी म्हणणार नाही, सर्व्हिसची पोरं ते कंस बघून नोकरी सोडतील.

---

वागळे_बिल्ड

सगळ्यांचे आभार, आज ऑफिसला जाऊन आधी हेच केलं. पॅनिकचं तंतोतंत तेच होतं, कॉन्फिग वाचायचा कोड पीकॉलच्या बाहेर होता. सगळं एका फंक्शनमधे घेतलं, आता चुकीचं नाव दिलं की लॉगमधे ओळ नंबर येतो आणि प्रोग्रॅम पुढे चालतो. गेटटॉपचा आकडा पण प्रत्येक स्कॅनला एकने वाढत होता, एररचा मेसेज पॉप केल्यावर जागेवर थांबला.

पायथनचा विषय टीममधे संपला, अजगरताईंचा रिप्लाय प्रिंट काढून दिला.

आता लूपचं सांगा कोणीतरी. आणि अजून दोन गोष्टी. स्क्रिप्ट बदलली की रिबूट न करता कशी घ्यायची? आणि ओपनलिब्जने लुआच्या सगळ्याच लायब्ररी उघडतात, ओएस, आयओ सगळं, सर्व्हिसच्या पोराने गंमत म्हणून ओएस.एक्झिक्यूट (बोर्डवर कुठलीही कमांड चालवणारं फंक्शन) मारलं तर? अलार्मचा मेसेज मराठीत पाहिजे असंही एका गिऱ्हाइकाने सांगितलंय, ऑपरेटरला इंग्लिश मेसेज कळत नाही म्हणे आणि ते खरंच आहे.

---

रात्रपाळी_सी

मी आपला रात्रीचाच येतो. एकेक घेऊ.

ओपनलिब्ज बोलवूच नको. लुआएल_रिक्वायरएफने फक्त बेस, टेबल, स्ट्रिंग, मॅथ आणि यूटीएफ8 उघड. बेसमधे पण डूफाइल, लोडफाइल, लोड ही फंक्शनं येतात, ती ग्लोबलमधून निल करून टाक. स्क्रिप्ट लोड करताना लुआएल_लोडबफरएक्सला मोड "टी" दे, म्हणजे फक्त टेक्स्ट घेईल. हे विसरू नको, कारण लुआ प्रीकंपाइल्ड बायटकोड पण लोड करतं आणि तो बरोबर आहे की नाही हे तपासत नाही, कोणी मुद्दाम वाकडा बायटकोड दिला तर इंटरप्रिटरच क्रॅश.

लूपसाठी लुआ_सेटहुक. मास्क काउंटचा द्यायचा, समज दर 10,000 इन्स्ट्रक्शनला हुक येतो, त्यात घड्याळ बघ, ठरवलेला वेळ संपला असेल तर लुआएल_एरर. एरर पीकॉलकडे येते, तू स्क्रिप्ट बंद म्हणून मार्क करतोस, अलार्म देतोस की नियमच चालत नाहीयेत. पण यात भोकं आहेत ती आत्ताच माहीत असू दे. स्क्रिप्टला पीकॉल उपलब्ध असेल तर लूपच्या आत पीकॉल लावून ती तुझी एरर गिळून पुढे जाऊ शकते, म्हणून पीकॉल आणि एक्सपीकॉल पण निल कर, नियम लिहायला ते लागत नाहीत. दुसरं, हुक फक्त लुआची इन्स्ट्रक्शनं मोजतो. स्ट्रिंग.फाइंडला वाकडा पॅटर्न आणि लांब स्ट्रिंग दिली तर ते आत सी मधे बसून राहतं, हुक येतच नाही. आणि स्पीडसाठी लुआजिटकडे (लुआचा वेगळा, जलद इंटरप्रिटर, चालता चालता स्क्रिप्टचा मशीन कोड करतो) जायचा मोह झाला तर लक्षात ठेव की तिथे जिटने कंपाइल केलेल्या लूपमधे डीफॉल्टला हुक तपासला जात नाही, शिवाय ते अजून 5.1 च्याच एपीआयवर आहे. सेकंदाला एकदा दहावीस नियम तपासायला जिट कशाला लागतं, साधा इंटरप्रिटर भरपूर आहे.

या कारणासाठी हुक हा पहिला बांध, शेवटचा नाही. खरा उपाय म्हणजे पोलिंगच्या थ्रेडमधे लुआ ठेवूच नको. पोलिंगचा थ्रेड रीडिंग गोळा करतो. नियमांचा थ्रेड वेगळा, तो लॉक घेऊन सगळ्या रीडिंगची कॉपी करतो, लॉक सोडतो, आणि मग ती कॉपी टेबल म्हणून स्क्रिप्टला देतो. वरती सांगितलेला लाँगजंप आणि म्युटेक्सचा सगळा ताप यात आपोआप जातो कारण लुआ चालू असताना लॉक कोणाकडेच नसतो. स्क्रिप्ट अडकली तर अलार्म अडकतील, पण रीडिंग सर्व्हरला जात राहतील आणि वॉचडॉग शांत राहील. एक लुआ स्टेट एकाच थ्रेडने वापरायचा, तो थ्रेडसेफ नाही.

रेडिस या डेटाबेसचं उदाहरण बघ. त्यांनी 2.6 पासून लुआ घातलंय, आणि वेळेची मर्यादा डीफॉल्ट 5 सेकंद आहे, पण ती ओलांडली म्हणून रेडिस स्क्रिप्टला मारत नाही! फक्त बाकीच्या क्लायंटना "बिझी" सांगायला लागतं, आणि बाहेरून किल करायचं तेही स्क्रिप्टने काही लिहिलेलं नसेल तरच. कारण अर्धवट लिहून मेलेली स्क्रिप्ट त्यांना परवडत नाही. आपल्याकडे स्क्रिप्टला काहीच लिहू देऊ नकोस, तिने फक्त "अलार्म द्या" असं उत्तर परत द्यायचं, प्रत्यक्ष रिले (अलार्म वाजवणारा स्विच) ओढायचं काम सी कडे. मग कधीही मारली तरी काही अर्धवट राहत नाही.

मेमरीसाठी लुआएल_न्यूस्टेटऐवजी लुआ_न्यूस्टेट वापर आणि स्वतःचा अॅलोकेटर (मेमरी देणारं फंक्शन) दे. किती दिली ते मोजत राहा, तुझ्या 128 एमबीत स्क्रिप्टला 2 एमबी म्हणजे ऐश आहे, त्यावर गेलं की नल परत कर. लुआ आधी गार्बेज गोळा करून परत मागून बघतं, तरी नाही मिळालं तर मेमरीची एरर, तीही पीकॉलमधे येते. मोजताना एक सापळा आहे, पॉइंटर नल असताना अॅलोकेटरला जुनी साइज म्हणून जो आकडा येतो तो साइज नसतोच, ऑब्जेक्टचा प्रकार असतो. तो वजा केलास की हिशोब हळूहळू बिघडत जातो आणि कळत नाही का. आणि ब्लॉक लहान करायला मागितला तर कधी नाही म्हणू नको.

रीलोड म्हणजे नवीन स्टेट. चालू स्टेटमधे नवी स्क्रिप्ट ओतायची नाही, जुने ग्लोबल शिल्लक राहतात आणि मग टेस्टला चालतं, साइटला चालत नाही. नवीन स्टेट बनव, त्यात स्क्रिप्ट लोड कर, मागच्या काही मिनिटांची खरी रीडिंग देऊन एकदा चालवून बघ, एरर नाही आली तर पॉइंटर बदल आणि जुना लुआ_क्लोज. फेल झाली तर जुनी चालू राहते आणि पोराला स्क्रीनवर ओळ नंबर दिसतो. "सलग दहा मिनिटं" चा टायमर मात्र सी कडे ठेव, नाहीतर रीलोड केलं की सगळे टायमर शून्यावर.

रिबूटचा खेळ थांबवायला फ्लॅशवर एक काउंटर. बूट झाला की वाढव, पाच मिनिटं नीट चालला की शून्य कर. तीनच्या वर गेला तर स्क्रिप्ट न घेता उठायचं आणि तसं ओरडायचं.

---

कॉन्फिगच_पुरे

हे सगळं वाचून माझं टेबल अजूनच चांगलं वाटायला लागलं 😄 पण रिले सी ने ओढायचा हा मुद्दा पटला, तेवढं असेल तर मी विरोध मागे घेतो.

---

अजगरप्रेमी_ऐरोली

मराठी मेसेजचं सांगते. लुआची स्ट्रिंग म्हणजे नुसते बाइट, तिला यूटीएफ8 शी देणंघेणं नाही, त्यामुळे मराठी मेसेज ठेवायला आणि छापायला काहीच अडचण नाही. अडचण लांबी मोजताना. "पंप" ला हॅश ऑपरेटर लावला तर 9 येतं, कारण देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट 3 बाइटचा आणि यात तीन आहेत, प, अनुस्वार, प. यूटीएफ8.लेन लावलं तर 3 येतं, माणसाला मात्र दोनच अक्षरं दिसतात. ही लायब्ररी 5.3 पासून आहे. स्ट्रिंग.सबने मेसेज मधेच कापला तर अर्धवट कॅरेक्टर राहून चौकोन येतील.

एसएमएस पाठवत असाल तर मराठीत एका मेसेजला 70 कॅरेक्टरच मिळतात, इंग्लिशला 160, त्यामुळे पोरांना सांगा की "टाकी क्रमांक दोनमधील" वगैरे निबंध नको.

आणि रजिस्टर नंबर पुशइंटिजरने द्या, पुशनंबरने नाही. 5.3 पासून इंटिजर आणि फ्लोट वेगळे झाले, पुशनंबरने दिलं तर मेसेजमधे 40001 च्या जागी 40001.0 छापून येतं आणि गिऱ्हाईक विचारतं हे पॉइंट झीरो काय आहे.

---

वागळे_बिल्ड

40001.0 आमच्याकडे ऑलरेडी येतंय, मी विचारायचंच विसरलो होतो ते.

थ्रेड वेगळा करायला घेतलाय, त्याला आठवडा जाईल कारण जुना कोड एकाच लूपमधे आहे आणि बाकी कोणी त्याला हात लावायला तयार नाही. अॅलोकेटर आणि हुक झाले. पहिल्यांदा रबाळ्याच्या एका साइटवर जुन्या बायनरीच्या शेजारी नुसतं चालवून बघणार, अलार्म लॉगमधे लिहायचे, रिले ओढायचा नाही, दोन्हींचे अलार्म जुळले की मग पुढचं.

एक शंका राहिली. स्क्रिप्टला चॅनलच्या स्ट्रक्चरचा पॉइंटर लाइट युजरडेटा (लुआत ठेवलेला नुसता सी चा पॉइंटर) म्हणून द्यावा का? फास्ट पडेल असं वाटतं.

---

जुना_फर्मवेअरवाला

नको. चॅनल डिलीट झाला, स्ट्रक्चर फ्री झालं आणि स्क्रिप्टने पॉइंटर कुठल्यातरी टेबलात जपून ठेवलेला असेल तर संपलं. शिवाय सगळ्या लाइट युजरडेटाला मेटाटेबल (व्हॅल्यू कशी वागते ते सांगणारं टेबल) एकच असतं, म्हणजे हा चॅनलचा की दुसऱ्या कशाचा हे तपासायची सोय नाही. चॅनलचा नंबर दे, सी मधे अॅरेची हद्द तपासून घे. लुआत मोजणी 1 पासून होते, पॅनलवरचे चॅनल पण 1 पासूनच लिहिलेले असतात, सर्व्हिसच्या पोरांना हे आवडेल, त्रास फक्त आपल्याला.

---

रात्रपाळी_सी

अजून एक, स्क्रिप्टची फाइल सेव्ह करताना थेट जुन्या फाइलवर लिहू नको. शेजारी टेम्प फाइल लिही, एफसिंक (डेटा खरंच फ्लॅशवर उतरवणं) कर, मग रिनेम, मग डिरेक्टरीला पण एफसिंक. एमआयडीसीत शटडाउनच्या दिवशी पोरं बरोबर लाइट जायच्या आधी स्क्रिप्ट बदलायला बसतात.